उसाचं चंदन

हुमनाबादच्या बाहेर, औद्योगिक वसाहतीत आमचा कारखाना होता. रस्त्यानं जाणाऱ्याला भिंतीपलीकडून चंदनाचा वास यायचा, आणि आत चंदनाची काडीसुद्धा नव्हती. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, हे लोकांना पटवण्यात माझ्या नोकरीची शेवटची वर्षं गेली. फार जणांना पटलं असं मी म्हणणार नाही.

मी मूळची औराद तालुक्यातल्या चिंताकीची. कलबुर्गीला सूक्ष्मजीवशास्त्र शिकले आणि एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत लागले. तिथं मळीत यीस्ट वाढवायची आणि तिच्याकडून अल्कोहोल करून घ्यायचं, हे माझं काम. गावात सांगत, 'विमल दारूच्या कारखान्यात हाय.' पुढे या नव्या कारखान्यात आले तेव्हा मला वाटलं, आता तरी नाव सुधारेल. पण 'चंदनाच्या कारखान्यात' म्हटलं की समोरचा माणूस आवाज खाली आणायचा. दारू निदान परवान्यावर असते. चंदन म्हटलं की आपल्याकडे लोकांना रात्रीची करवत आठवते.

काम काय होतं ते सांगते. यीस्ट म्हणजे डोळ्यांना न दिसणारी बुरशी. शिंदीला फेस आणते तीच. तिला साखर खाऊ घातली की ती आपल्या अंगाच्या पापुद्र्यासाठी एक चरबीसारखा पदार्थ बनवते. तो बनवण्याच्या वाटेवर एक कच्चा माल तयार होतो. गंमत अशी, की चंदनाचं झाड आपलं सुगंधी तेल करायला नेमका तोच कच्चा माल वापरतं. बंगळूरच्या काही तरुण शास्त्रज्ञांनी चंदनाच्या झाडातली तेल करायची सूचना, म्हणजे जनुकं, यीस्टमध्ये नेऊन बसवली. शेतात पाटाला बारं फोडून पाणी दुसऱ्या वाफ्यात वळवतो, तसं त्यांनी यीस्टचा कच्चा माल चंदनाकडे वळवला. पापुद्र्यापुरतं थोडं पाणी जुन्या वाफ्यात जाऊ द्यायचं, नाहीतर यीस्टच मरेल.

ही वळवलेली यीस्ट आमच्याकडे बोटाएवढ्या कुप्यांमध्ये, हाडं गोठवणाऱ्या थंडीत ठेवलेली असायची. तिथून बाटलीत, बाटलीतून छोट्या टाकीत, मग दोन मजली उंचीच्या मोठ्या टाकीत. उसाची साखर थेंबाथेंबानं सोडायची. घाई करून जास्त दिली तर यीस्ट चंदन विसरून अल्कोहोल करायला लागते, जुनी सवय. टाकीत वर एका तेलाचा थर सोडलेला असतो, त्यात सुगंध मुरतो. मग तो थर वेगळा काढायचा आणि ऊर्ध्वपातन करून सुगंध निवडून घ्यायचा. थर वेगळा करणाऱ्या यंत्रावर मल्लप्पा असायचा. बसवकल्याण तालुक्यातल्या मुडबीचा, तीन पिढ्या शेतीतल्या घरातला, पण कारखान्याच्या पगारावर त्याचं घर उभं होतं. त्याची बायको म्हणायची, 'ह्येनी घरी आले की देव आल्यावानी वास येतोय, पण भांडण माणसावानीच करत्यात.'

वास पसरला तशी वनखात्याची माणसं आली. अधिकारी कन्नड मुलुखातले, पण मराठी चांगलं बोलायचे.

'मॅडम, लाकूड कुठं ठेवलाव?'

'लाकूड न्हाईच साहेब.'

'मग वास कशाचा?'

'यीस्टचा. शिंदीत असते तीच बुरशी, थोडी बदललेली.'

ते माझ्याकडे बघत राहिले. मग शांतपणे म्हणाले, 'शिंदीवाली बुरशी चंदन करत असती तर आमच्या गावच्या शिंदीच्या दुकानाला देवळाचा वास आला असता.'

त्यांच्या माणसांनी बॉयलरजवळच्या भुशाच्या ढिगात लोखंडी सळया खुपसून पाहिल्या. छतावर चढले. माझ्या केबिनमधलं कपाटही उघडलं. मी त्यांना टाकीच्या काचेतून फेस दाखवला, सूक्ष्मदर्शकाखाली यीस्ट दाखवली. साहेब वाकून पाहत म्हणाले, 'ह्या गोलगोल दाण्यांवर काय लिहिलंय का चंदन म्हणून?' शेवटी त्यांनी एक बाटली तपासायला घेतली आणि दारातून वळून म्हणाले, 'मी मानलो असं समजू नका.' मला त्यांचा राग आला नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही मानलं नसतं.

त्या धाडीची बातमी इकडच्या पेपरांत आली आणि ती वाचून गफूरसाब आले. कलबुर्गीला दर्ग्याच्या रस्त्यावर त्यांचं अत्तराचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. पांढरी दाढी, स्वच्छ इस्त्रीचा कुर्ता, हातात कापडी पिशवी. चहा पुढे केला तर घेतला नाही. पिशवीतून एक बाटली काढून माझ्या टेबलावर ठेवली.

'ये तुम्हारा है क्या, देखके बोलो.'

मी वास घेतला. चंदन होतं. आमचं की झाडाचं, हे नाकानं सांगणं मला शक्य नव्हतं, तसं मी म्हणाले.

'मेरेकू भी समजा नहीं,' ते म्हणाले. 'नाक बुड्ढा हो गया. साल भरसे बेचा मैं इसको, झाड का बोलके.'

हैदराबादचा एक दलाल त्यांना हे तेल देत होता. दक्षिणेतल्या जुन्या झाडांचं आहे, असं सांगून. मी विचारलं, नाकाला कळलं नाही तर मग संशय आला कशावरून?

'जितना मांगा उतना दिया उसने,' गफूरसाब म्हणाले. 'झाड ऐसा नहीं देता. कभी देता, कभी नहीं देता. आदमी ने हौ हौ बोला तो मैं डर गया.'

मग त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. 'तुमीच विकायलाव का त्याला? खरं बोला अक्का, मी पोलिसात जाणारा माणूस न्हाई.'

मी नाही म्हणाले. पण खरं सांगायचं तर त्या वेळी माझ्याही मनात पाल चुकचुकली होती, आणि तीही त्यांच्याचबद्दल. हा माणूस स्वतःच भेसळ करत असेल आणि पकडलं जाण्याआधी खापर फोडायला आमचा कारखाना शोधत असेल, तर? बाजारात असं होतं. शिवाय आमच्या कारखान्यातून माल चोरीला जात असेल, तर नाव आधी माझं येणार होतं. प्रत्येक ड्रमच्या गुणवत्तेच्या दाखल्यावर सही माझी असायची.

यावर उपाय मला माहीत होता. हवेतला कार्बन दोन वजनांचा असतो, बराचसा हलका आणि चिमूटभर जड. झाडं हवा खाताना जड कार्बन टाळतात. चंदन, आंबा, लिंब तो फार टाळतात. ऊस, ज्वारी, मका तितका टाळत नाहीत. त्यांची हवा खायची रीत वेगळी. आमची यीस्ट उसाच्या साखरेवर वाढलेली, म्हणून तिच्या तेलात उसाची ती खूण राहते. वास हुबेहूब केला तरी ती खूण पुसता येत नाही. मात्र ती मोजणारं यंत्र मोठ्या प्रयोगशाळेतच असतं.

गफूरसाबांना मी हे समजावलं. त्यांनी ज्वारीपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, 'बाटल्या तुमीच पाठवणार, मग मधेच बदलल्या तर?'

'मग दोघांसमोर बंद करू.'

पडताळ्यासाठी खात्रीचं झाडाचं तेल हवं होतं. ते त्यांच्याकडे होतं, वडिलांनी स्वतः काढून आणलेलं, कधीही न उघडलेलं. ते आणणं त्यांना फार जड गेलं. दुसऱ्या खेपेला आले तेव्हा ती शिशी रुमालात गुंडाळलेली होती. झाकणावरचं मेण त्यांनी स्वतः काढलं, आणि मी थेंब घेत असताना माझ्या हातावरची नजर हलवली नाही. तीन बाटल्या झाल्या: दलालाची, वडिलांची, आमची. तिन्हींवर लाख लावली, दोघांनी सह्या केल्या आणि आम्ही दोघंही कुरियरच्या दुकानापर्यंत गेलो.  दोघांनाही पिशवी आपल्याच हातात हवी होती.

आमचे मालक राव साहेब हैदराबादला राहायचे आणि महिन्यातून एकदोनदा यायचे. नमुने बाहेर गेल्याचं त्यांच्या कानावर गेलं. कुणी सांगितलं, मला अजून कळलेलं नाही. त्यांनी मला बोलावलं.

'विमलक्का, नमुने बाहेर? कुणाच्या परवानगीनं?'

मी गफूरसाबांची हकिगत सांगितली. ते शांतपणे ऐकत होते, पण शेवटी त्यांनी हात पुढे केला. 'थंड पेटीची किल्ली माझ्याकडे द्या. काही दिवस.'

त्या पेटीत यीस्टच्या कुप्या होत्या. त्यातली एक कुणी खिशात घालून नेली तर दुसरा कारखाना उभा राहू शकतो, म्हणून त्यांची भीती खोटी नव्हती. पण वर्षानुवर्षं मी जिला वाढवलं ती यीस्ट मी विकेन, असं त्यांना वाटलं, याचं मला वाईट वाटलं. किल्ली दिली. दुसऱ्या दिवसापासून दारावर सगळ्यांच्या पिशव्या आणि डबे उघडून बघायला लागले. सगळ्यात जास्त त्रास मल्लप्पाला झाला, कारण तेल त्याच्या हाताखालून जायचं. त्याचा डबा पहारेकऱ्यानं हुंगला.

'अक्का,' तो मला म्हणाला, 'माझ्या भाजीला बी चंदनाचा वास यायलाय म्हणं. आता काय, हात कापून दारात ठिवू का?'

मी पहारेकऱ्याला बोलले, पण त्याला वरून हुकूम होता. कारखान्यात लोक एकमेकांकडे तिरके बघायला लागले. जेवायला एकत्र बसणारे वेगवेगळे बसू लागले. कोण किती वेळ गोदामात होतं, यावर दबक्या आवाजात बोलणं चालायचं. मीही त्यातून सुटले नव्हते. कुणी हसून नमस्कार केला तरी मला वाटायचं, आज हा का हसला?

प्रयोगशाळेतल्या बाईंचा फोन आला तेव्हा मी टाकीजवळ उभी होते. त्या म्हणाल्या, 'मॅडम, तुमच्या तीन बाटल्यांपैकी दोन उसाच्या आहेत. तिसरी झाडाची.'

झाडाची ती गफूरसाबांच्या वडिलांची. दलालाची आणि आमची सारखीच.

राव साहेब त्या दिवशी कारखान्यातच होते. मी जाऊन सांगितलं. ते दचकले नाहीत, चिडले नाहीत, चोर कोण असंही विचारलं नाही. तिथं माझ्या लक्षात आलं. चोरी झालेलीच नव्हती. ड्रम पुढच्या दारानं, रीतसर गाडीतूनच गेले होते.

'तो दलाल आपलंच गिऱ्हाईक आहे का?' मी विचारलं.

'मोठं गिऱ्हाईक आहे,' ते म्हणाले. 'आपल्या ड्रमवर काय लिहिलेलं असतं अक्का?'

'यीस्टपासून किण्वनानं केलेलं.'

'खोटं आहे का ते?'

'नाही. पण तो पुढं झाडाचं म्हणून विकतोय.'

'ते त्याच्या दुकानात. साखरवाला चहात किती साखर घातली ते बघायला येतो का?'

'तुम्हाला माहीत होतं?'

'मला माहीत असायची गरज नाही,' ते म्हणाले, आणि खिडकीकडे बघू लागले.

मला विचारायचं होतं, मग मल्लप्पाचा डबा का हुंगला? मी विचारलं नाही. माझं डोकं जरा थंड झालं तेव्हा कळलं, की त्यांना आमचा संशय खरोखरच होता. त्यांच्या दृष्टीनं माल विकून टाकल्यावर खोटं होणं हा धंदा, आणि विकण्याआधी बाहेर जाणं ही चोरी. दोन्ही गोष्टी ते मनापासून मानत.

मी रजा टाकून कलबुर्गीला गेले. गफूरसाबांचं दुकान अरुंद, भिंतीला शिश्यांच्या फळ्या. त्यांनी मला स्टुलावर बसवलं आणि मी काही बोलण्याआधीच म्हणाले, 'तुम्हारा निकला ना?'

'हो. आमचंच. चोरीचं नाही. आमच्या मालकांनी दलालाला विकलेलं, आणि दलालानं नाव बदललेलं.'

 मग त्यांनी जो प्रश्न विचारला तो मला अपेक्षित नव्हता. 'अक्का, तुमीच म्हणलाव, ही शिंदीवाली बुरशी. मग ह्या तेलात दारू हाय का? उरुसात दर्ग्याला संदल चढवायला लोकांनी नेलं माझ्याकडनं.'

मी घाईनं नाही म्हणू शकले असते. पण त्यांना खोटं नको होतं आणि अर्धवट खरंही नको होतं. मी सांगितलं, 'साखर जास्त झाली तर टाकीत थोडं अल्कोहोल होतं. आम्ही ते होऊ देत नाही. झालंच तर खालच्या पाण्यात राहतं, ऊर्ध्वपातनात निघून जातं. तयार तेलात आमच्या यंत्राला ते कधी सापडलेलं नाही. बाकी धर्माचं मला सांगता येणार नाही.'

'वो मैं मौलवीसाब को पूछता,' ते म्हणाले. 'तुमने सीधा बोला, बस.'

मग त्यांनी मोबाइल काढला आणि माझ्यासमोर एकेका गिऱ्हाइकाला फोन लावला. सगळ्यांना एकच सांगत होते: जे झाडाचं म्हणून दिलं ते कारखान्याचं निघालं, मला ठाऊक नव्हतं, परत करायचं असेल तर परत करा. एकानं शिव्या दिल्या, त्या मला स्टुलावरून ऐकू आल्या. एकजण म्हणाला, 'मियाँ, आता का सांगायलाव? आधी सांगितलं न्हाई म्हणजे काहीतरी हाय.' खरं सांगितल्यामुळे त्याला जास्त संशय आला होता. एक म्हाताऱ्या बाई म्हणाल्या, वास चांगला होता, असू दे. गफूरसाब त्यांनाही सोडेनात. 'नाम गलत था अम्मा, नाम,' असं तीनतीनदा सांगत राहिले.

फोन खाली ठेवून त्यांनी मला विचारलं, 'आणि तुमच्या राव साहेबांनी कुणाला फोन लावला?'



परतल्यावर त्या दलालाच्या पुढच्या ड्रमचे दाखले सहीसाठी आले. मी सही केली नाही. राव साहेबांना सांगितलं, दाखल्यावर उसाच्या खुणेचा निकाल छापा, आणि हा माल यीस्टचा म्हणूनच पुढं विकला जाईल असं दलालाकडून लिहून घ्या, मग करते. ते म्हणाले, 'तुम्ही निवृत्तीला आलात म्हणून हे परवडतंय तुम्हाला.' ते खरं होतं. वीस वर्षांपूर्वी, मुलं शिकत असताना, मी काय केलं असतं, मला सांगता येत नाही.

ड्रम आवारात पडून राहिले. दुसऱ्या कुणाकडून सही करून घेता आली असती, पण वनखात्याकडे गेलेली बाटली अजून तिकडेच होती आणि राव साहेबांना धोका दिसत होता. शेवटी त्यांनी माझी अट मानली. ती पटल्यामुळे नाही, भीतीमुळे. दलालानं लिहून द्यायला नकार दिला आणि खरेदी थांबवली. प्रत्येक मागणीला हौ हौ म्हणणाऱ्या माणसाला घाबरावं, हे गफूरसाबांचं म्हणणं तेव्हा मला पुरतं पटलं.

पण त्याची किंमत कारखान्यानं मोजली. मोठी टाकी थांबली. रात्रपाळी बंद झाली. मल्लप्पासह काही जणांना घरी पाठवलं. जाताना तो माझ्याशी बोलला नाही. पुढे बऱ्याच महिन्यांनी एका साबण कंपनीला नेमकं असंच तेल हवं झालं, झाड न तोडता केलेलं आणि तसं सिद्ध करता येणारं. उसाच्या खुणेचा तो निकाल राव साहेब आता अभिमानानं दाखवू लागले, जणू ती कल्पना त्यांचीच. किल्ली मला परत मिळाली. रात्रपाळी पुन्हा सुरू झाली तेव्हा मल्लप्पाला निरोप पाठवला. तो आला नाही.

मी निवृत्त होऊन औरादला राहायला आले. मागच्या वर्षी एका लग्नाला बसवकल्याणला गेले होते, तिथल्या बाजारात मल्लप्पा दिसला. पोत्यावर आल्याचा ढीग घालून बसला होता. मला बघून उठला नाही, पण सरकून जागा केली.

'कामून आला न्हाईस परत?' मी विचारलं.

'डबा हुंगल्यालं इसरता येईना, अक्का.' थोडं थांबून म्हणाला, 'तुमचं बराबर होतं, मी न्हाई म्हणत न्हाई. पर माझं काम गेलं, ते बी खरंच हाय की.'

'व्हय,' मी म्हणाले. 

मी किलोभर आलं मागितलं. बाजारात आलं चिखलासकट तोलतात, सगळ्यांनाच ते माहीत असतं आणि कुणी बोलत नाही. मल्लप्पानं एकेक कुडी उचलली, अंगठ्यानं माती खरवडली, बेचक्यातली ढेकळं काढून टाकली आणि मग काट्यावर ठेवली. शेजारचा विक्रेता आश्चर्यानं बघत होता.

'असू दे की रे, मी घरी धुते,' मी म्हणाले.

'नगं,' तो मान वर न करता म्हणाला. 'तुमाला मातीसगट तोलून दिलं, तर तुमी सगळा बाजार बंद पाडचाल.'